बाईंची मुलगी

वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या ज्या दोन खोल्यांत मी वाढले, तेथे ‘आई’ ही हाक कधी उठली नाही. १९५४ साली आईवडिलांचे छत्र हरपले तेव्हा मी चार वर्षांची होते. शेजारच्या एका शिक्षिकेने मला आपल्या घरी नेले. शाळेत मुली त्यांना ‘बेन’ म्हणत. मी ‘बाई’ म्हणू लागले, आणि तेच कायम राहिले.

श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ मध्ये तो कायदा सबंध संस्थानास लागू केला. बाई सांगत, “माझी आई दंडाच्या धाकाने शाळेत गेली, मी आईच्या धाकाने गेले, तू आपल्या हौसेने जा.” दिवसभर त्या गुजराती शिकवीत, रात्री कंदिलापाशी माझ्याकडून मराठी बाराखडी गिरवून घेत. शाळेत माझ्यापुढे त्यांनी माझ्या वडिलांचेच नाव लावले. “तुझे नाव पुसायचे कशाला?” एवढेच म्हणाल्या.

पुढे एकदा रागाच्या भरात मी बोलून गेले, “तुम्ही काही माझी आई नव्हे!” त्या काहीच बोलल्या नाहीत, ताट मात्र वाढून ठेवले. त्या शब्दांची क्षमा मागायची राहूनच गेली.

त्यांच्या निधनाची नोंद करताना कारकुनाने नाते विचारले. “मुलगी,” मी म्हणाले. त्याने गुजरातीत ‘दीकरी’ असे लिहिले.

ते अक्षर बाईंनी वाचायला हवे होते.