तिसरा फाळका

बोट ओळखायची तर तिचं नाव शेवटी वाचायचं, हे मला सारंगचाचांनी शिकवलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यामुळे त्यांनी काही सोयीचं तत्त्वज्ञान काढलं असेल असं वाटायचं. पण पुढे शिपिंग ऑफिसात सगळा जन्म काढला तरी त्यांच्या शब्दापुढे जाता आलं नाही.

दाभोळच्या खाडीपट्ट्यात कोकणी मुसलमानांच्या घरोघरी जहाजाची नोकरी. साहेबाच्या बोटींवर डेक सांभाळणारे खलाशी, टंडेल आणि त्यांच्यावरचा सारंग आमच्या रत्नागिरीकडचे. खानपानाच्या कामाला बहुतेक गोव्याची माणसं. चाचा सारंग होऊनच निवृत्त झाले, आणि मी शाळकरी पोर त्यांची पत्रं वाचून दाखवायला जाऊ लागलो. पत्रं संपली की ते मेणकापडात गुंडाळलेलं नोकरीचं पुस्तक, सीडीसी, काढत. एका ओळीत बोटीचं नाव, ऑफिशियल नंबर, टनेज. पुढे कुठे चढले, कुठे उतरले, त्याच्या तारखा आणि शिक्के. मी नाव वाचायचो. ते म्हणायचे, "नाव सोड रे. तिसरा फाळका कुठे होता, ते मी सांगतो."

फाळका म्हणजे माल उतरवायचं डेकवरचं तोंड, इंग्रजीतलं हॅच. सगळी मेख तिथेच आहे. लढाईत जर्मन पाणबुड्या बोटी बुडवत सुटल्या, तेव्हा ब्रिटनने संडरलंडच्या एका साध्यासुध्या मालबोटीचा नकाशा घेऊन १९४० मध्ये अमेरिकेकडे ६० बोटींची मागणी नोंदवली. त्या 'ओशन'. त्याच घाटाच्या कॅनडात झाल्या त्या 'फोर्ट' आणि 'पार्क'. या सगळ्यांत ब्रिज वेगळा, धुराड्याचं घर वेगळं, आणि मधल्या मोकळ्या जागेत तिसरा फाळका. अमेरिकेने तोच नकाशा स्वतःसाठी घेतला, कोळशाऐवजी तेल आणलं, रिव्हेटांऐवजी बहुतेक वेल्डिंग केलं आणि दोन्ही घरं एकत्र केली. तिसरा फाळका घराच्या पुढे गेला. ही लिबर्टी. ४४१ फूट लांब, ताशी ११ सागरी मैल, आणि एकूण २,७१० बोटी! 'रॉबर्ट ई. पीअरी' तर नोव्हेंबर १९४२ मध्ये पाच दिवसांच्या आत बांधून पाण्यात सोडली होती. नंतरच्या ५३१ 'व्हिक्टरी' बोटींना टर्बाइन बसवलं आणि नाळेकडचा भाग उचलून घेतला. एवढं पाठ असलं, की भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसल्यावर नांगरलेल्या बोटींची जात दुरूनही सांगता येई.

म्हणूनच १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फुटलेल्या 'फोर्ट स्टिकिन'ला कुणी छापून लिबर्टी म्हटलं, की माझं डोकं फिरतं. ती प्रिन्स रुपर्टला १९४२ मध्ये बांधलेली फोर्ट. आग लागली दुसऱ्या फाळक्याखाली, जिथे कापूस आणि स्फोटकं एकाच खणात होती. चाचांनी तसल्याच एका फोर्टवर काम केलेलं. तो खण केवढा, तिथे उतरलेल्या माणसाला वर यायला किती वेळ लागतो, हे ते अंगणात पावलं टाकून दाखवत. मी स्फोटावर पुष्कळ वाचलं, पण मला तो कळला तो त्या अंगणात.

बॅलार्ड इस्टेटला नोकरी लागल्यावर कपाटभर लॉइड्स रजिस्टर हाती आली. सीडीसीतले नंबर मी उतरवून आणलेच होते. ऑफिशियल नंबर जहाजाच्या मुख्य तुळईवर कोरलेला असतो. तो खोटं बोलत नाही. पण बोट दुसऱ्या झेंड्याखाली गेली की तो नंबर तिथेच संपतो. मग बांधणाऱ्याचं नाव, यार्ड नंबर आणि साल धरून पुढचं नाव शोधायचं, पुन्हा त्याच्या पुढचं. चाचांची फोर्ट अशीच सापडली. लढाईनंतर ग्रीक मालक, मग पनामाचा झेंडा, मग जपानमध्ये भंगार. सुट्टीत घरी गेलो तेव्हा त्यांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "तिसऱ्या फाळक्याची उजवीकडची विंच कुणी दुरुस्त केली का?"

रजिस्टरात विंचेची नोंद नसते. पगार मला शिपिंगने दिला. बघायची नजर मात्र चाचांची, आणि त्याबद्दल त्यांनी चहासुद्धा माझ्याकडून कधी घेतला नाही, उलट ईदला शिरखुर्मा पाठवला.

त्यांचा नातू आता बल्क कॅरिअरवर बोसन, म्हणजे सारंगच आहे. एकाच नकाशाच्या डझनावारी बहिणी आजही बांधतात, त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमतं. तो बंदरातल्या बोटींचे फोटो पाठवतो, शक्यतो तिरप्या उन्हातले. नाळेवरच्या नावाची कड वेल्डिंगने उठवलेली असते. बोट विकली की वरून रंग फासतात, पण उठाव नीट घासला नसेल तर नव्या नावाखालून जुनं डोकावतं. परवाच्या फोटोत पहिली तीन अक्षरं लागली, पुढचं गंजात गेलंय. त्याला कळवलंय, मागच्या बाजूला जाऊन झेंडा बदलला तरी न बदलणारा सात आकडी आयएमओ नंबर टिपून पाठव, आणि तिसऱ्या फाळक्याचाही एक फोटो काढ.