ओल्या फडक्याचे श्रेय

सावद्यास आमच्या घरी 1986 सालची एक प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या निघणे केव्हाच बंद झाले. मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सीही 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. आमचे अण्णा मात्र आपल्या गाडीस कोणी जुनी म्हटलेले खपवून घेत नाहीत.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिला एक विलक्षण खोड लागली. पहाटे एका चावीत सुरू व्हावे, केळीच्या ट्रकांमागून रावेरपर्यंत निमूट जावे, आणि तेथे चहापुरते थांबले की पुढे हलण्याचे नाव काढू नये. स्टार्टर जोमाने फिरे, अर्थात बॅटरीचा दोष नव्हता. इंजिन तेवढे पेटत नसे. अर्ध्या तासाने स्वारी आपण होऊन सुरू! मिस्त्रीच्या दारात तर ती एकदाही बिघडली नाही. वैद्याची पायरी चढताच ज्यांचा ताप उतरतो, अशा रोग्यांपैकीच ती एक.

निदाने उदंड झाली. बहुमत पेट्रोलच्या वाफेचे होते. वैशाखात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीस टेकतो. इंजिनास लागून असलेल्या पंपातील पेट्रोलची वाफ होते व पंप नुसती वाफच ओढीत बसतो. ही गोष्ट काही खोटी नव्हे. त्यावर उपाय म्हणून आम्ही पंपावर ओले फडके टाकीत असू. अर्ध्या तासाने गाडी सुरू होई आणि फडक्याचा लौकिक वाढे. फडक्यावाचूनही ती तितक्याच वेळात सुरू झाली असती काय, हे पाहण्याचा धीर भर उन्हात कोणास असणार?

दुसरे निदान खास आमचे, आणि ते लिहिताना आज शरम वाटते. अण्णा चोक अधिक ओढून इंजिनात पेट्रोल तुंबवितात, असे आम्ही ठरविले. वय एक्याऐंशी, हातास किंचित कंप. आरोप सहज चिकटला. एके दिवशी भुसावळास बहिणीची आगगाडी चुकली, तेव्हा चार माणसांदेखत आम्ही त्यांच्याकडून चावी मागून घेतली. त्यांनी ती एक शब्द न बोलता दिली.

पुढे आमच्या हातीही गाडी तशीच अडू लागली! अखेर मिस्त्री म्हणाले, "बरी झाल्यावर आणू नका. बंद पडेल तिथे मला बोलवा." स्टेशनच्या रस्त्यावर तो योग आला. त्यांनी प्रथम पंपाची नळी सोडली. पेट्रोल व्यवस्थित येत होते. नळी जोडून मग प्लगची तार इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली व आम्हांस चावी फिरविण्यास सांगितले. ठिणगी क्षीण, पिवळसर. आमचेच फडके पिळून त्यांनी पंपाऐवजी कॉइलवर ठेवले. थोड्या वेळाने ठिणगी निळी झाली, टचटच वाजू लागली. पंप होता तसाच तापलेला होता.

बॅटरीच्या बारा व्होल्टांतून हजारो व्होल्ट उभे करणारी ही कॉइल. आत केसाएवढ्या तारेचे वेढे. गाडी थांबली की वारा थांबतो आणि बॉनेटखालची धग काही काळ उलट वाढते. तारेवरचे जीर्ण आवरण त्या धगीत दगा देई व निवल्यावर सावरे. नवी कॉइल बसविली. त्यानंतरचा सारा उन्हाळा गाडी एकदाही अडली नाही.

चावी आम्ही अण्णांपुढे नेऊन ठेवली. "असू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले, "मला आता नीट दिसत नाही."

वर्तमानपत्रातील केळीच्या भावाचे बारीक रकाने ते रोज सकाळी खिडकीशी बसून सहज वाचतात.