बोईसरला जाग आली तेव्हा…

डहाणू लोकलमध्ये झोप लागणं ही काही ब्रेकिंग न्यूज नाही. दिवसभर अंधेरीत फिरून संध्याकाळची गाडी पकडली की विरारनंतर अर्धा डबा पेंगतच असतो. पण प्रत्येकाच्या डोक्यात एक अलार्म असतो. केळवे रोड गेलं की पालघरवाले आपोआप उठून दाराकडे सरकतात. माझा अलार्म मात्र बिघडला होता. महिन्यात चौथ्यांदा मला जाग आली ती थेट बोईसरला, तीही शेजारच्या काकांनी खांदा गदागदा हलवला म्हणून. "अरे, केवढा घोरतोस! मघाशी तुझा श्वासच अडकला होता. मी घाबरलो ना!"

मी हसण्यावारी नेलं. तेव्हा मी २७ वर्षांचा होतो. फ्रीलान्स जर्नलिस्ट, उंची पाच फूट आठ इंच, वजन १३१ किलो. मित्रांमध्ये माझं नाव 'जम्बो'. जाड्या माणसाने विनोदी असलंच पाहिजे असा एक अलिखित नियम आहे, आणि तो मी अगदी इमानदारीत पाळत होतो.

मग जुलै २०२३ मधली ती रात्र आली. पालघर स्टेशनबाहेर लावलेली बाइक काढली आणि शिरगावला निघालो. सहा-सात किलोमीटरचा रस्ता, शाळेपासूनचा पाठ. डोळे किती सेकंद मिटले, देव जाणे. उघडले तेव्हा बाइक रस्त्याखालच्या चिखलात होती आणि मी तिच्याखाली. खरचटण्यावर भागलं. त्या क्षणी समोरून एसटी आली असती, तर माझ्याबद्दल दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या पानावर, चार ओळी लिहिल्या असत्या.

पालघरच्या आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला लावली. निदान झालं स्लीप अॅप्निया. म्हणजे झोपेत घशाचा मार्ग बंद होऊन श्वास पुन्हा पुन्हा थांबतो, मेंदू दचकून जागा होतो आणि सकाळी माणूस रात्रपाळी करून आल्यासारखा उठतो. शिवाय बीपी वाढलेलं, शुगर काठावर. बीएमआय ४३.८. डॉक्टर म्हणाले, "डाएट करून झालं, जिम करून झालं. दर वेळी दहा किलो उतरवतोस आणि बारा चढवतोस. एकदा बॅरिअॅट्रिक सर्जनला भेट."

घरात हा शब्द अगदीच परका नव्हता. २०११ मध्ये नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतल्याची बातमी बाबांना आठवत होती. आजीचं ठाम मत होतं, "पोराचं हाडच मोठं आहे." आई काहीच बोलली नाही. फक्त त्या दिवशी तिने ताटात तिसरी भाकरी वाढली नाही. ते मला जास्त लागलं.

'पॅकेज' नावाचं प्रकरण

आपण मोबाइल घेताना पंधरा रिव्ह्यू वाचतो, पण पोट कापणारा डॉक्टर कसा निवडतो? मी निवडला होर्डिंग बघून. खरंच! हायवेवर एक भलंमोठं होर्डिंग होतं, त्यावर ढगळ पँट हातात धरून हसणारा एक बारीक माणूस. म्हटलं, चला.

रिसेप्शन असं की तीन तारांकित हॉटेलने मान खाली घालावी. डॉक्टरांच्या आधी भेटली काउन्सेलर. तिने आधी-नंतरच्या फोटोंचा अल्बम उघडला, मग रेटकार्ड, मग ईएमआय. "सर, या महिन्यात बुक केलंत तर डाएटिशियनचं पूर्ण वर्ष फ्री." आणि गोड हसून, "लग्न ठरलंय का? मग अगदी राइट टाइम आहे!"

डॉक्टर सहा मिनिटं भेटले. मी घड्याळ बघितलं होतं. रिपोर्टवरून नजर फिरवून ते म्हणाले, "स्लीव्ह करू. नो टेन्शन. तीन दिवसांत घरी." मी मान डोलावली आणि बाहेर आलो.

फंडा असा की लोकांना प्रश्न विचारणं हाच माझा धंदा. नगरसेवकांना मी आडवे-तिडवे प्रश्न विचारले आहेत. आणि तिथे? दुसऱ्यांना प्रश्न विचारून पोट भरणारा मी स्वतःच्या पोटाबद्दल एक प्रश्न विचारू शकलो नाही. कारण सांगतो. जाड्या माणसाला डॉक्टरच्या केबिनमध्ये शिरतानाच अपराधी वाटत असतं. आपणच खाऊन खाऊन हे केलंय, आता समोरचा वाचवतोय म्हणतो तर गप्प बसावं, अशी ती भावना. होर्डिंगवाल्यांना ती बरोबर ठाऊक असते.

बाकावरची माणसं

दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या ओपीडीत अडीच तास बसावं लागलं, आणि तेच कामाला आलं. बाकावर सगळे ऑपरेशन झालेले, फॉलोअपला आलेले लोक. वसईचे एक बँकवाले काका सांगत होते, त्यांची शुगरची गोळी सुटली. डोंबिवलीच्या एका ताईंनी केसांवरून हात फिरवला. "चौथ्या महिन्यात मुठीमुठीने गळले रे. कुणी आधी सांगितलंच नव्हतं. नंतर आले परत." एका मुलाने पहिलं ऑपरेशन भलतीकडेच केलं होतं. तीन वर्षांत बरंच वजन परत आलं. जुन्या डॉक्टरांकडे फोन केला तर म्हणे, अपॉइंटमेंट घ्या आणि नवीन केसपेपर काढा.

ताई उठता उठता म्हणाल्या, "ऑपरेशनआधी सगळेच फोन उचलतात. नंतर कोण उचलतं, ते विचार."

घरी येताना मला इमान अहमद आठवली. तुम्हालाही आठवत असेल. सुमारे ५०० किलो वजनाची म्हणून जगभर गाजलेली इजिप्तची तरुणी. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिला मालवाहू विमानाने मुंबईत आणून चर्नी रोडच्या सैफी हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. मार्चमध्ये डॉ. मुफझ्झल लकडावालांच्या टीमने तिचं ऑपरेशन केलं. मग तिची बहीण म्हणाली की सांगितली जाते तेवढी सुधारणा नाही. डॉक्टरांनी ते साफ नाकारलं. मे महिन्यात इमान अबुधाबीला हलली आणि सप्टेंबरमध्ये तिथेच गेली. कोण खरं, कोण खोटं, हा निवाडा मी करणार नाही. पण एक गोष्ट मनात राहिली. वजन किती उतरलं हे काट्यावर दिसतं. 'बरं होणं' म्हणजे नक्की काय, हे मात्र डॉक्टरने आणि घरच्यांनी आधीच बसून बोलायचं असतं.

बाबांचा प्रश्न

त्या बाकावरच्या डॉक्टरांकडे मी पुन्हा गेलो, या वेळी बाबांना घेऊन. बाबा तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते, आता रिटायर झालेत. डॉक्टरांसमोर ते चप्पल बाहेर काढून बसले.

डॉक्टरांनी आधी विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं? रात्री किती वाजता पोचता? कुणी हिणवलं की जास्त खाता का? (या प्रश्नावर मी खिडकीबाहेर बघितलं.) मग प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढलं. स्लीव्हमध्ये जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कायमचा काढून टाकतात, उरते केळ्यासारखी नळी. भूक वाढवणारं घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूक मंदावते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. खूप अॅसिडिटी असेल तर स्लीव्हने ती वाढू शकते, म्हणून आधी एंडोस्कोपी. आणि दोन्हींत बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, ठरावीक रक्ततपासण्या… किती दिवस? आयुष्यभर!

"धोके?" मी घसा खाकरून विचारलं. टाक्यातून गळती, रक्तस्राव, पायात रक्ताची गुठळी, पुढे पित्ताचे खडे. त्यांनी बोटांवर मोजून सांगितले.

तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. "साहेब, तुमच्या हातून कुणी गेलंय का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ गेला. "हो. एक पेशंट. गुठळी फुप्फुसात गेली. त्यानंतर आमच्याकडे ऑपरेशनच्या संध्याकाळीच प्रत्येकाला चालवतात, कितीही ओरडला तरी." मग त्यांनी बाबांनाच विचारलं, "आणि हे शिरगावला असताना रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या, तर तुम्ही काय कराल?"

उत्तर आम्हाला येत नव्हतं. ते त्यांनीच शोधलं. पालघरच्या आमच्या डॉक्टरांना फोन लावला, पत्र दिलं, स्वतःचा आणि असिस्टंटचा नंबर दिला. ऑपरेशनची तारीख मात्र दिली नाही. आधी दीड महिना रात्री सीपॅपचं मशीन लावून झोपा, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, मग बघू.

परतीच्या गाडीत बाबा वैतरणेच्या पुलावर म्हणाले, "प्लँट चालतो कसा, हे कुणीही सांगेल. बंद पडला तेव्हा काय झालं, हे ज्याला आठवतं त्याच्या हातात प्लँट द्यावा."

माझा शोध तिथे संपला.

रात्री दोनचा फोन

पैशांचंही सांगतो, कारण फ्रीलान्सरचं पेमेंट कसं येतं हे तुम्हाला माहितीच आहे. बाबांनी मागे लागून घ्यायला लावलेली चार वर्षं जुनी पॉलिसी कामी आली. विमा नियामकाच्या नियमात बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त, अथवा ३५ आणि सोबत ठरावीक गंभीर आजार, अशी अट आहे. पॉलिसीतलं ते कलम होर्डिंगच्या आधी वाचा. बॉस, मी नंतर वाचलं!

फेब्रुवारी २०२४ मध्ये ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. संध्याकाळी मला खरंच चालवलं, आणि मी खरंच ओरडलो. मग आठवडेच्या आठवडे पाणी, सूप, पातळ डाळ. सातपाटीचं ताजं पापलेट घरात तळलं जात असताना मी वाटीभर ताक चमच्याने पीत होतो. ते दुःख कुठल्याही कन्सेंट फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

आणि मग सहाव्या आठवड्यात तेच झालं. आजीने प्रेमाने दिलेला भाकरीचा तुकडा मी घाईत गिळला. रात्री दोनला उलट्या. आई दारात उभी, चेहरा पांढरा. मी नंबर लावला. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. "काय खाल्लं? रंग कसा आहे? ताप? पोट दुखतंय का? घोट घोट पाणी घ्या. सहा वाजेपर्यंत थांबलं नाही तर पालघरच्या डॉक्टरांकडे जा, मी त्यांच्याशी बोलतो." पाचला थांबलं. सहाला त्यांचाच फोन आला. चार महिन्यांच्या चकरांमध्ये मी नेमकं काय शोधत होतो, ते मला त्या सकाळी कळलं.

आता वजन ९२ आहे. पोटाची कातडी सैल पडलीय, गोळ्या चालू आहेत, लग्नाच्या पंगतीत अर्धं ताट उरतं आणि वाढपी रागावतात. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही इंजेक्शनं भारतात आल्यापासून मित्र विचारतात, "घाई केलीस का रे?" माहीत नाही. इंजेक्शन कुणाला, ऑपरेशन कुणाला आणि दोन्ही नको कुणाला, हे डॉक्टरने पेशंट बघून ठरवायचं. पण इंजेक्शनवाल्यालाही बाबांचा प्रश्न विचारायला हरकत नाही. आणि उत्तर देण्याआधी तो पेन खाली ठेवतो का, ते बघा.

परवा डहाणू लोकलमध्ये समोर एक मुलगा घोरत होता. माझ्याच आधीच्या साइजचा. मध्येच घोरणं थांबायचं, छाती हलायची नाही, मग एकदम दचकून श्वास. मला त्याला खूप काही सांगायचं होतं. पण अनोळखी माणसाने वजनावर दिलेला सल्ला कसा लागतो, हे मी विसरलेलो नाही.

केळवे रोड गेलं. मी वाकून त्याचा खांदा हलवला.

"कुठे उतरायचंय?"

"पालघर," तो डोळे चोळत म्हणाला.

"मग ऊठ. मीही तिथलाच."