घासाघीस

तांब्याच्या भांड्यावर चिंच घासली की ते उजळते. बाजारातील ‘घासाघीस’ या शब्दाला मात्र आपण उगाच बदनाम करून ठेवले आहे. समोरच्याला जेरीस आणून चार पैसे वाचविणे, एवढाच तिचा अर्थ पुष्कळांना ठाऊक असतो. २०२४ च्या हिवाळ्यात थोरल्या भावाबरोबर आंघोळीचे पाणी तापविण्याचा बंब घ्यायला गेलो, तेव्हा तिचा दुसरा अर्थ मला दिसला.

दादांचे गाव अहमदपूरच्या पुढे, नांदेडच्या वाटेवर. शेतातल्या घरी विजेचा भरवसा नाही. तुराट्या आणि पऱ्हाट्या मात्र मुबलक. थंडीत वहिनींचे गुडघे आखडतात. पहाटे घंगाळभर कढत पाणी मिळाले तरच त्यांचा दिवस सुरू होतो. बंबासाठी त्यांनी सोयाबीनच्या पट्टीतून पैसे बाजूला काढले होते. त्या हंगामात सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर झाला होता. बाजारात बहुतेकांच्या हाती त्याहून कमीच पडले. अशा पैशांतला रुपया कोणी उधळत नाही.

नांदेडला चौकशी करून आम्ही लातूरच्या गंजगोलाईत आलो. दुकानदाराने प्रथम मोठा बंब पुढे केला. दादांनी तो नाकारला. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात दोन माणसांच्या घराला केवढा बंब पुरतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. मग त्यांनी नव्या तांब्याचा आणि मोडीचा भाव एकदमच विचारला. एकात सूट द्यायची आणि ती दुसऱ्यात वसूल करायची, ही बाजाराची जुनी रीत. दोन्ही आकडे आधीच कळले की तिला वाव उरत नाही. काट्यावरील वैधमापन खात्याचा शिक्काही त्यांनी पाहून घेतला.

बंब आठ किलो भरला. “घ्या अप्पा, तांब्याच्या भावानं. मजुरी निराळी,” दुकानदार म्हणाला.

“मालक, खालची लोखंडी जाळी अन् बैठक काढून तोला की. लोखंडाला तांब्याचा भाव कामून?”

दुकानदार हसला. पुन्हा तोलले, तेव्हा तांबे साडेसहा किलो निघाले. दीड किलो लोखंडाचे पैसे लोखंडाच्या भावाने लागले. घरचे फुटके घंगाळ मोडीत गेले. आमच्यासोबत आलेला पुतण्या तेवढ्यात म्हणाला, “आता मजुरीत काही कमी करा.”

दादांनी त्याला थांबविले. “मजुरी राहू दे रे. ठोकणाराचा हात दुखतो. आपल्या मालाला आडतीवर कुणी असंच पाडून मागतं, तवा कसं वाटतं?”

मला वाटते, रास्त किमतीचे सारे मर्म येथे आहे. तांब्याचा भाव ना दुकानदाराच्या हाती, ना गिऱ्हाइकाच्या. १८७७ साली स्थापन झालेल्या लंडनच्या धातूबाजारातील चढउतार गंजगोलाईपर्यंत पोहोचतात. वजन काटा सांगतो. उरते ती पत्रा वळविणाऱ्या, सांधणाऱ्या, मठारणाऱ्या तांबटाची मजुरी. जो समोर नसतो, त्याच्याच वाट्यातून कापणे सर्वांत सोपे असते.

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी लिहून ठेवले आहे, की वस्तू देताना विकणाऱ्याला विशेष झळ पोहोचत असेल तर त्याने ती किमतीत धरावी. पण घेणाऱ्याची गरज मोठी आहे एवढ्यासाठी किंमत वाढवू नये. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात मजुरीविषयी असेच बजावले: कामगाराने नाइलाजाने मान डोलावली, म्हणून अपुरी मजुरी न्याय्य होत नाही. वहिनींच्या गुडघ्यांचा फायदा दुकानदाराने घेऊ नये आणि तांबटाच्या नडीचा आम्ही, असा त्याचा आमच्यापुरता अर्थ.

संध्याकाळी वहिनींनी हिशेब विचारला. दादांनी पावती वाचून दाखविली: तांबे इतके, लोखंड इतके, मजुरी इतकी, मोडीचे वजा इतके. त्यांनी मनाशी बेरीज केली आणि म्हणाल्या, “बरोबर हाय.” तोच हिशेब दुकानदारासमोर आणि त्या न पाहिलेल्या तांबटासमोरही तसाच वाचता आला असता.