पोलकांची वकिली

हेन्री पोलक मला पहिल्यांदा भेटले ते शाळकरी वयात, गांधीजींच्या आत्मकथेत. १९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बानला निघालेल्या गांधीजींना त्यांनी स्टेशनवर रस्किनचे ‘अन टू धिस लास्ट’ दिले. पुस्तक देणारा साहेब, एवढेच मनात राहिले.

लॉ कॉलेजात तीच पाने पुन्हा चाळली, तेव्हा तो विशीतला तरुण दिसला. इंग्लंडमधल्या ज्यू घरातला, आफ्रिकेत येऊन पत्रकारी करणारा. ती नोकरी सोडून तो ‘इंडियन ओपिनियन’मध्ये गेला, मग गांधीजींच्याच कचेरीत उमेदवारी करून १९०८ मध्ये वकील झाला. मी तेव्हा बड्या वकिलाकडे वर्णी लागावी म्हणून खटपट करत होतो. पोलकांचे हे गणित मला काही केल्या सुटेना.

कोर्टात उभा राहू लागल्यावर त्यांच्या लग्नाचा किस्सा आवडू लागला. वधू मिली ग्रॅहॅम ख्रिस्ती. लग्नाला सोबती गांधीजी, म्हणून गोऱ्यांची लग्ने नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला वधूवरांच्या गोरेपणाचीच शंका आली! चौकशी होईपर्यंत थांबा, म्हणाला. शेवटी गांधीजी मुख्य मॅजिस्ट्रेटकडे गेले. तो हसला आणि चिठ्ठी दिली. कारकुनी कायदा पाहिलेल्या कोणालाही हे ओळखीचे वाटेल.

१९१३ मध्ये आफ्रिकेतल्या हिंदी मजुरांच्या मोर्चात गांधीजींना पकडले, तेव्हा मजुरांबरोबर पोलक पुढे चालले आणि तेही तुरुंगात गेले. पण आता, वकिली थांबवल्यावर, मला त्यांचे त्याआधीचे काम मोलाचे वाटते. १९०९ मध्ये ते हिंदुस्थानात आले. गोखल्यांच्या आणि त्यांच्या भारत सेवक समाजाच्या मदतीने गावोगाव सभा घेतल्या, आफ्रिकेतल्या हिंदी लोकांवर कायदा कसा चालतो ते पुस्तक लिहून मांडले. त्याच सुमारास रतन टाटांनी गांधीजींच्या आफ्रिकेतल्या लढ्याला २५,००० रुपये दिले. ज्यांची बाजू मांडायची ते हजारो मैल दूर, आणि समोर न्यायाधीश नाही, नुसती सभा. अशी वकिली मी कधी केली नाही. करणारेही फार पाहिले नाहीत.

पुढे हीच बाजू घेऊन फेब्रुवारी १९१० मध्ये गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात ठराव मांडला, तो मंजूर झाला, आणि १ जुलै १९११ पासून आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध, मजूर पाठवणे सरकारने बंद केले.