उद्यापन नसलेलं व्रत

प्रवरानगरच्या आसपास वाढलेल्या मुलीला साखर कारखान्याचं अप्रूप नसतं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने १९५०च्या सुमारास उभा केलेला सहकारी कारखाना आमच्या भागाचं वैभव. त्या वैभवातही आमचं सगळं पायीच चाले. शाळा, दळण, दूध, शेतावर भाकरी पोचवणं. चालण्याला व्यायाम म्हणतात, हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन ह्यूस्टनजवळ शुगर लँडला आले, तर इथेही साखरेचंच गाव. १८४३पासूनचा वारसा सांगणाऱ्या इम्पीरियल शुगरची इथली रिफायनरी २००३ साली बंद पडली. तिची विटांची उंच इमारत अजून उभी आहे. पण इथे कोथिंबिरीची जुडी आणायची तरी गाडी काढावी लागते. पायांचं काम सुटलं, ताट मात्र शेतावर राबणाऱ्याचंच राहिलं. अंगावर वजन चढलं ते असं, हळूहळू.

आमच्या ओळखीपाळखीत जानेवारी आला की कुणी ना कुणी भात सोडतं, कुणी गव्हाला रामराम करतं. डाएट हे असं महिन्या-दोन महिन्यांचं व्रत असतं, आणि व्रत म्हटलं की उद्यापन आलंच. वजन झपाट्याने उतरलं की शरीर ऊर्जेचा खर्च आखडतं, लेप्टिन हे तृप्तीचा निरोप देणारं संप्रेरक घटतं, भूक खवळते. वजन पुन्हा चढतं, आणि माणूस स्वतःच्या मनोनिग्रहाला दोष देत बसतो. तो दोष त्याचा नसतो, हे मला अगदी कळवळून सांगावंसं वाटतं.

आपण भारतीयांनी तर काट्याच्या पलीकडेही पाहायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचंच उदाहरण मांडलं. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२.

मग करायचं काय? मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली आले. आहार थोडा आवरून सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच उद्दिष्ट. त्याने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.

माझ्या घरात बदल झाला तो स्वयंपाकाच्या ओट्यापासून. फोडणीचं तेल आता चमच्याने मोजून पडतं. ताटात आधी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर, मग एक भाकरी, भात शेवटी आणि मूदभरच. गणपतीत मोदक होतो, त्यावर साजूक तूपही पडतं. जेवण दिवेलागणीला उरकतं आणि आम्ही दोघं ऑयस्टर क्रीकच्या काठाने चालायला निघतो. जेवणानंतर चाललं की स्नायू रक्तातली साखर वापरून टाकतात. टेक्सासच्या उन्हाळ्यात तेव्हाही अंगाची काहिली होते. मग पहाटे निघायचं, पण निघायचं.

वजन सावकाश उतरलं आणि उतरलेलं टिकलं, कारण संपवण्यासारखं काही सुरूच केलं नव्हतं. नवी सवय लावून घेताना मी एकच विचारते: हे सत्तरीतही जमेल का? जमणार असेल, तर ते आजपासून.