लाल टोपी, केशरी टोपी

आमच्या बोक्याला डायबेटीस आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग विचारतात, "गोड खातो काय?" गोड नाही हो. मांजराला गोडाची चवच कळत नाही. पण वय अकरा, वजन सात किलो, नसबंदी झालेली आणि दिवसभर पंख्याखाली लोळणं. असे बोके या आजाराला लवकर सापडतात. पाणी फार प्यायला लागला, खाऊनही वाळत चालला, म्हणून तपासलं तर साखर चारशेच्या वर.

डॉक्टर म्हणाले, दर बारा तासांनी इन्सुलिन, दोन युनिट.

पहिले पंधरा दिवस घरात लढाई. बायकोने टॉवेलात गुंडाळून धरायचं, मी टोचायचं, आणि शेवटी रक्त माझंच निघायचं. नगरपालिकेत एकाने माझे हात बघून विचारलं, "काय पत्रकार, कोणाची बातमी लावली?"

मग पकडणंच बंद केलं. ताटलीत त्याचं खाणं ठेवायचं, तो खाण्यात गुंतला की पाठीवरची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि त्या घडीत सुई. काही दिवसांनी त्याला पत्ताच लागेना. पुढे तर सातला ताटली वाजली की स्वतःच हजर. त्याचा विश्वास बसला आणि माझं लक्ष उडालं.

गेल्या शनिवारी रात्री सिरिंज संपल्या. मेडिकलमध्ये गेलो, म्हटलं, "इन्सुलिनच्या दहा सिरिंज द्या." त्यांनी दिल्या. रविवारी सकाळी सातला नेहमीसारखं दोनच्या रेघेपर्यंत औषध भरलं आणि टोचलं. अकराच्या सुमारास बोका दारू प्यायल्यासारखा चालायला लागला. मागचे पाय लटपटत होते. मग आडवाच झाला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "आधी हिरड्यांना मध चोळा. तोंडात ओतू नका, ठसका लागेल. आणि लगेच घेऊन या." सलाईनमधून ग्लुकोज दिलं, तेव्हा दुपारी त्याने मान उचलली.

डॉक्टरांनी सिरिंज मागितली. हातात घेऊन म्हणाले, "टोपी बघितलीत का? लाल आहे."

आता नीट वाचा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींचं मिळतं. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं आणि १०० युनिटचं. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज, १०० च्या बाटलीला केशरी टोपीची. रेघा त्या-त्या हिशोबाने आखलेल्या असतात. बोक्याचं औषध १०० चं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत भरलं की दोन युनिट नाही, पाच युनिट जातात. म्हणजे अडीचपट.

दुकानदाराला दोष देऊन मोकळा झालो असतो. दुसऱ्याच्या हलगर्जीपणावर वीस वर्षं बातम्या लिहितोय, सवय आहे. पण बाटली कुठली हे मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही, आणि टोपीचा रंग मी बघितला नाही. तिघांतल्या दोन चुका माझ्या.

त्या रात्री फ्रिज उघडला. दारातच आईची बाटली. तिचं ४० चं, लाल टोपीचं. शेजारी बोक्याचं १०० चं. समजा तिच्या २० युनिटसाठी कोणी केशरी सिरिंज वापरली असती, तर पोटात गेली असती फक्त आठ. ती कोसळली नसती. साखर गुपचूप वाढत राहिली असती, आणि आम्ही सगळे तिलाच बोललो असतो, "तू पथ्य पाळत नाहीस."

माणसांसाठी अनेक देशांत बहुतेक १०० चंच इन्सुलिन चालतं, म्हणजे हा घोळच नाही. आपल्याकडे दोन्ही आहेत. ४० ची बाटली स्वस्तात मिळते, अनेकांना तीच परवडते, ती बंद करा असं मी म्हणणार नाही. पण तालुक्यातल्या मेडिकलवाल्या मित्रांना हात जोडून विनंती, सिरिंज मागितली की एकच प्रश्न विचारा, "बाटली चाळीसची की शंभरची?" आणि आशाताईंनो, ज्या घरात इन्सुलिन आहे तिथे बाटली आणि टोपी शेजारी ठेवून एकदा बघा. चष्मा नसलेल्या म्हाताऱ्या माणसाला बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

आमच्याकडे आता आईची बाटली वरच्या कप्प्यात, बोक्याची खाली, वेगळ्या डब्यात. डब्यांवर मार्करने मोठे आकडे.

बोका बरा आहे. पण सातला ताटली वाजवली तरी कॉटखालून लगेच येत नाही. मी ताटली ठेवतो आणि वाट बघत बसतो. काल वीस मिनिटांनी आला.

घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर वाचून झाल्यावर लाईक नंतर द्या, आधी फ्रिज उघडा.